राजी

गुरुग्रामच्या कोर्टाबाहेर पत्र्याखाली बसणारा तो नोटरी मला पहिल्या नजरेतच आवडला नाही. कागद वाचताना तो मधूनच थांबायचा, शिक्क्यावर फुंकर घालायचा आणि माझ्याऐवजी माझ्या मुलाकडे बघायचा. मी उपचारांबद्दलचं इच्छापत्र करायला आलो होतो. बरं होण्याची आशा संपली तर मला मशीनवर ठेवू नका, इतकंच त्यात होतं.

"ताऊ, राजी सो?" त्यानं विचारलं.

राजी! म्हणजे याला वाटतं, मुलगाच मला पकडून घेऊन आलाय. मी उसळलो, "मेरी अपनी मर्ज़ी है! बेटे की कोई ज़बरदस्ती नहीं!"

त्यानं सावकाश पेनला टोपण लावलं, शिक्का खणात टाकला आणि मुलाला बाहेर पाठवलं. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "मैं तो हाल पूछ रहा था. हरियाणे में राजी मतलब ठीक-ठाक. ज़बरदस्ती की बात तो आपने निकाली, ताऊ."

माझ्या तोंडून सगळं पुन्हा वदवून घेतलं, तेव्हा कुठे त्यानं शिक्का मारला.

गाडीत मुलाला हे सांगितलं. "क्या बाबा, यार!" म्हणत तो खूप हसला. सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा समोर बघतच त्यानं विचारलं, "पण बाबा, तुम्ही राजी आहात ना?"

"बिल्कुल," मी म्हटलं. त्यानं ते मराठीत विचारलं की हरियाणवीत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.