गटात न बसणारी

भाचीला आणायला शाळेत गेले, तेव्हा हुशार मुलांच्या खास वर्गासाठी निवड चालली होती. मी खिडकीशी थांबले. बाईंनी फळ्यावर लिहिलं: आंबा, फणस, पेरू, बटाटा. गटात न बसणारा शब्द ओळखा.

सगळी पोरं "बटाटा!" म्हणून ओरडली. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, फणसपण चालेल. त्यालाच काटे आहेत."

"आगाऊपणा नको. बस खाली."

आगाऊ म्हणजे खरं तर वेळेआधीचं. आगाऊ सूचना आपल्याला हवी असते. आगाऊ पोर मात्र कुणालाच नको असतं.

बाईंनी पुढचा प्रश्न लिहिला. मुलीने आधी आजूबाजूला पाहिलं, मग सगळ्यांबरोबर तेच उत्तर ओरडली.

"शाब्बास!" बाई तिला म्हणाल्या.