पोस्टाने आलेली हत्यारं

बाथरूमच्या दाराची कडी लागत नसेल तर बाईमाणसाने आंघोळ कशी करायची, हा प्रश्न माझ्या सासऱ्यांना कधी पडला नाही. त्यांचं म्हणणं, कडीत दोष नाही, दारच एका बाजूला बसलंय. आधी दार उतरवून रंधा मारायचा, मग चौकट तपासायची आणि मग कडीचं बघायचं. त्यांनी दार उतरवलं. आठवडाभर ते गॅलरीत भिंतीला टेकून उभं होतं. मी दाराच्या जागी जुनी चादर लावून, बाहेर नवऱ्याला राखणीला बसवून आंघोळ उरकत होते, आणि तोंडातल्या तोंडात जे पुटपुटत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सासरे गिरणीत सुतार होते. मागांचे लाकडी भाग मोडले की दुरुस्त करायचे, नाहीतर नवे घडवायचे. गिरण्यांचा मोठा संप व्हायच्या आधीच ते निवृत्त झाले, म्हणून फंड पुरता हाती आला आणि त्यातून बोरिवलीची ही वन रूम किचन घेतली गेली. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. नवरा एका कारखान्यात पाळीवर जायचा. त्याला खिळा सरळ ठोकता येत नसे. बाप घरात असताना शिकायची गरजही पडली नव्हती. मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायचे. तिथे हात जरा थांबला की पट्ट्यावरची बाटली पुढे निघून जाते. मला सवय घाईची, सासऱ्यांना सवय काम पक्कं करण्याची, आणि ह्या दोन सवयी त्या एवढ्याशा घरात मावत नव्हत्या.

शेल्फ लावायचं म्हटलं की आधी भिंत ठोकून बघणार, मग लाकूड उन्हात ठेवणार. स्टुलाचा पाय डुगडुगतो म्हटलं की उरलेले तीनही पाय काढणार. रंध्याची साल उडून माझ्या तांदळात. एकदा आमटीत निघाली, तर म्हणाले, "सागवान आसा गो, काय होना नाय." मी हसले नाही. आज हसू येतं.

त्याच कडीच्या आठवड्यात एका साप्ताहिकाच्या मागच्या पानावर मी जाहिरात बघितली. गोदाम रिकामं करायचं असल्याने एकवीस हत्यारांची पेटी निम्म्या किमतीत, पैसे पार्सल हातात पडल्यावर पोस्टमनला द्या. शेजारच्या चौकटीत दुसऱ्या कंपनीची पेटी होती, थोडी महाग. मी स्वस्तातली निवडली आणि कार्ड टाकलं. बेत असा होता की पेटी कपाटात साड्यांच्या मागे ठेवायची, आणि संध्याकाळी सासरे भजनाला गेले की जे काय असेल ते दहा मिनिटांत ठोकून मोकळं व्हायचं. त्यांना कळलं तर कळलं. रोज रोज त्यांच्या रंध्याची वाट बघायची माझी तयारी नव्हती.

नवऱ्याला तेवढं सांगितलं. तो म्हणाला, "तू आणि हत्यारं? वाट लागली घराची."

पार्सल आलं तेव्हा मी कामावर होते. नवरात्र चालू होतं. संध्याकाळी जिना चढून आले तर आमचं दार उघडं, आत शेजारच्या काकू, वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ, आणि मधोमध पाटावर लाल पत्र्याची पेटी उघडी. प्रत्येक हत्यार आपापल्या खाचेत बसलेलं, चकचकीत. सासरे मांडी घालून बसले होते, आणि त्यांचा चेहरा मी तसा कधीच बघितला नव्हता.

"बघलास?" ते काकूंना म्हणाले. "खंडेनवमीक नवी हत्यारा. माझ्या सुनेन मागवल्यान."

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. ज्याचा ज्यावर हात चालतो ते त्याने धुऊन-पुसून पाटावर मांडायचं, कुंकू लावायचं आणि त्या दिवशी वापरायचं नाही. निवृत्त झाल्यापासून सासरे आपलं हत्यारांचं गोणपाट उघडून त्यातली तीच जुनी हत्यारं मांडत. घरात दुसरं कोणी त्या पाटाकडे बघतही नसे. त्यात मोक्यावर नवी पेटी आली. पार्सलवर नाव सुनेचं आणि घरात हत्यार धरणारा माणूस एकच, मग ती कोणासाठी आली हे विचारायचं काय कारण? सुनेने स्वतःसाठी पाना-पकड मागवावी हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. गावी जायला बाजूला ठेवलेल्या पैशांतून त्यांनी पोस्टमनला रक्कम दिली होती, आणि त्याचंही त्यांना काही नव्हतं.

काकू म्हणाल्या, "अशी सून मिळायला नशीब लागतं हो."

मी चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मी म्हटलं, "बाबा, आवडली ना?"

नवऱ्याने स्वयंपाकघरात मला कोपर मारलं. "गप बस आता यार. म्हातारा खूश आहे." मी गप्प बसले. सासऱ्यांना पैसे परत द्यायला गेले तर घेईनात. "तू आठवण ठेवलंस, ताच खूप," म्हणाले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. फुकटचं कौतुक चोरीच्या दागिन्यासारखं असतं; अंगावर घातलं तरी सारखं कोणीतरी बघतंय असं वाटतं.

खंडेनवमीला लाल पेटी पुढे आणि त्यांची जुनी हत्यारं मागे मांडली गेली. त्यानंतर गोणपाट पलंगाखाली गेलं ते गेलंच. सुनेने दिलंय तर तेच वापरायचं, असा त्यांनी हट्ट धरला. बाथरूमचं दार आठवड्याने परत टांगलं होतं, पण ते नीट बसत नव्हतं आणि कडीही राहिलीच होती; ते आता नव्या पटाशीने नीट करायला घेतलं.

आता जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, पण मला दिसायला फार वेळ लागला. दार कसंबसं बसलं. कडीचा एक स्क्रू अर्ध्यावर अडकला आणि तसाच राहिला. ते म्हणाले, उद्या बघतो. उद्या बघितलं नाही. काकूंच्या देव्हाऱ्याची फळी निघाली होती, तिथे गेले आणि अर्ध्या तासात परत आले. काकूंनी मग नाक्यावरचा सुतार बोलावला. घरात रंध्याची साल दिसेनाशी झाली, तांदूळ स्वच्छ राहू लागले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. एकदाचे थकले, म्हटलं. आमच्या शेल्फसाठीही मी नाक्यावरच्यालाच बोलावलं. त्याने चार ठोके घातले आणि गेला. सासरे गॅलरीत बसून होते. दोन्ही पंजे गुडघ्यांवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत.

थंडीत एका रविवारी दाराशी ते गोणपाट दिसलं. तोंड सुतळीने बांधलेलं.

"हे कुठे चाललं?"

"गावाक. पुतण्याकडे. उद्या वाडीतलो एक जण येस्टीन जाताहा, तेच्याबरोबर धाडतंय."

"अहो पण का?"

त्यांनी हात पुढे केले. "हे गेले गो. आता काय ऱ्हवला नाय ह्यांच्यात. हत्यारा गंजान मरण्यापरीस पोराच्या हातात जाऊंदे."

बाथरूमचा तो अर्धवट स्क्रू तरी आपण पिळून टाकावा, तेवढंच हाताला काम, म्हणून मी लाल पेटी काढली. सगळं जागच्या जागी होतं. स्क्रूड्रायव्हर उचलला तर त्याचं टोक ओल्या काडीसारखं पिळवटलेलं. पटाशी उचलली तर पातं खाचेतच राहिलं आणि नुसती मूठ हातात आली. भोक पाडायच्या गिरमिटाचं टोक मोडून वेगळं, पण खाचेत असं जोडून ठेवलेलं की वरून बघणाऱ्याला अखंड वाटावं. हातोडीचं डोकं नुसतं दांड्यावर टेकवलेलं होतं. एकवीसमधली निम्मी तरी मोडली होती, आणि एकेक मोडकं हत्यार त्यांनी निजवल्यासारखं परत ठेवलं होतं. मला दिसू नये म्हणून. मला वाईट वाटू नये म्हणून.

पेटी घेऊन मी बाहेर आले. "बाबा, ही हत्यारं भिकार आहेत. तुमच्या हातांना काही झालेलं नाही. पत्र्याची आहेत ही."

ते मान हलवत राहिले. "नाचता येयना, आंगण वाकडा. हत्याराक नावा ठेवणारो सुतार मी नाय. आणि तू माझ्यासाठी बघून-सवरून घेतलंस. ती खोटी कशी आसतीत?"

पेटी भिकार आहे हे त्यांना पटवायचं, तर ती कशी घेतली ते सांगावं लागणार होतं. नाही सांगितलं, तर उद्या सकाळी गोणपाट जाणार आणि हा माणूस उरलेलं आयुष्य गॅलरीत पंजे बघत बसणार. नवरा पाळीवर होता. कोपर मारायला कोणी नव्हतं.

"ती तुमच्यासाठी नव्हती," मी म्हटलं. "मी माझ्यासाठी मागवली होती. तुम्ही एका कडीला आठवडा लावता, म्हणून. तुम्ही भजनाला गेलात की मीच सगळं करणार होते. बघून-सवरून काही घेतलं नाही. सगळ्यात स्वस्त होती, म्हणून घेतली."

मला वाटलं आता उठून जातील, नाहीतर बोलतील. त्यांनी एवढंच विचारलं, "सगळ्यात स्वस्त?"

"हो."

"म्हणजे लोखंडच वायट?"

"हो, बाबा."

ते हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. सुतळीची गाठ दाताने सोडली. आतून त्यांचा जुना, मूठ काळी पडलेला स्क्रूड्रायव्हर काढला आणि सरळ बाथरूमच्या दाराशी गेले. अर्धवट स्क्रू आधी बाहेर काढला, भोक साफ केलं, स्क्रूला साबण लावला आणि तो एका दमात आत बसवला. मग कडी लावली, काढली, पुन्हा लावली.

"गेले नाय गो हात," ते म्हणाले. "माका वाटला, गेले. बरा झाला सांगलंस."

मी दाराला टेकून रडत होते आणि ते माझीच समजूत घालत होते. एका शब्दाने रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

गोणपाट गावाला गेलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी लाल पेटीतल्या हातोडीला बाभळीचा नवा दांडा घातला, पटाशीचं पातं मुठीत घट्ट बसवलं, जे दुरुस्त होण्यासारखं नव्हतं ते काढून टाकलं, आणि पेटी पुसून माझ्या हातात दिली. "घे. तुझी वस्तू." त्यात टोमणा नव्हता. ज्याचं हत्यार त्याच्या हाती, एवढाच त्यांचा हिशेब. त्यांचे हात पुन्हा चालू लागले, तांदळात पुन्हा साल येऊ लागली.

फक्त एक फरक पडला. ते आता विचारू लागले. स्टूल उलटं करण्याआधी, फळीला हात लावण्याआधी. "करू काय गो? येळ लागात." मी म्हणायचे, करा ना, विचारता काय. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. मी नवऱ्याला म्हटलं, त्यांना सांग ना विचारू नका म्हणून. तो म्हणाला, "मी सांगून काय होणार? तुलाच विचारतात ना." मी चिडले त्याच्यावर. उत्तर खरं होतं.

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी दोन पाट मांडले. एकावर त्यांचं गोणपाट, दुसऱ्यावर माझी पेटी. कुंकवाची कोयरी माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "तुझी हत्यारा तू पूज." मी पूजली.

दुसऱ्या दिवशी दसरा. पूजेतलं हत्यार उचलायचा दिवस. मी झेंडूचं तोरण ओवून आणलं. चौकटीवरचा जुना खिळा गंजून पडला होता. सासरे स्टुलावर चढले, खिळा बोटांत धरला, हातोडी दुसऱ्या हातात. त्यांच्या फंडातून घेतलेल्या घराची ती चौकट. वरून त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"हयसर मारू काय गो?"

"बाबा, विचारता काय?" मी म्हटलं.

ते तसेच थांबले. मी 'मारा' म्हणेपर्यंत त्यांनी हातोडी उचलली नाही.