परकं कुणी नाही

जेनिलिन माझ्या थोरल्या लेकीची पोर. लेक हाँगकाँगला लोकांची घरं सांभाळते, म्हणून ही माझ्यापाशीच वाढली. मला लोला म्हणते, म्हणजे आजी. चटया विणायला मीच शिकवलं, पण वर्षभरात पोरगी माझ्याही पुढं गेली. बोटं अशी चालायची, बघतच राहावं.

तेराव्या वर्षी तिला फेफरं आलं. शहरातल्या दवाखान्यातनं गोळ्या सुरू झाल्या. दर खेपेला बोटीनं जायचं म्हणजे शाळा बुडायची. डॉक्टर अबेलानाबाई म्हणाल्या, "महिन्याच्या पहिल्या शनिवारी मीच फोन करीन."

आता फोन आला की आमच्याकडं पाहुणा आल्यासारखं. मावश्या, मामा, पोरंटोरं, सगळी गोळा. आवाज मोठा करून फोन मधोमध ठेवायचा. बाई आधी विचारायच्या, "एकटीच आहेस ना गं?"

"हो डॉक्टर, परकं कुणी नाही."

खोटं नव्हती बोलत. घरच्यांना का कुणी मोजतं? आम्ही अकरा जण श्वास रोखून बसलेलो.

"गोळ्या घेतेस?"

मी समोरून मान हलवायची. ती म्हणायची, "घेते."

एकदा मात्र पोरगी हळूच म्हणाली, "डॉक्टर, माझे केस..."

तिचा मामा रोडेल कुजबुजला, "टकली नवरी कोण करणार?" सगळ्यांनी तोंडावर हात धरले. मीही हसले. तुझ्या त्या वहीत लिही तसंच, मीही हसले.

"काय झालं केसांना?" बाईंनी विचारलं.

"काही नाही डॉक्टर. सगळं ठीक."

त्या दिवसापासनं मी हातावर दिलेली गोळी ती जिभेखाली धरायची आणि मागं जाऊन थुंकायची. केस गळत होते ना त्या गोळीनं. मला पत्ताच नाही.

दोन महिन्यांनी मासे तळताना फेफरं आलं, आणि उजवा हात कढईत. दवाखान्यात मी रडत विचारलं, "अगं, बोलली का नाहीस?"

"कुठं बोलू, लोला? तुम्ही सगळे होतात."

बाईंनी गोळी बदलून दिली. केस परत आले. बोटं आखडली ती आखडलीच. चटई आता तिच्याच्यानं होत नाही.

हल्ली शनिवारी मी सगळ्यांना हुसकते. रोडेल कुरकुरतो, "आम्ही काय परके झालो?" मी म्हणते, "हो, अर्धा तास परके." आणि मीही किनाऱ्यावर जाऊन बसते. आत ती काय बोलते, कळावंसं फार वाटतं. बाहेर आली की विचारते, "झालं?"

ती म्हणते, "झालं, लोला." तेवढंच.