क्रोमच्या हौदावरचा कायदा

धाकटा भाऊ माझ्यापासून वेगळा झाला तेव्हा माझ्या कारखान्यात बारा माणसं होती आणि रस्त्यापलीकडच्या त्याच्या पडवीत सात. सगळी मेख त्या आकड्यात होती. विजेवर काम आणि दहा माणसं झाली, की फॅक्टरी इन्स्पेक्टर यायचा. सातांकडे कोण बघतो?

आमचा बाप मिठागरावरचा. साठ सालच्या आसपास पळस्प्याच्या रस्त्यावर ट्रक वाढले, तसं आम्ही दोघांनी बंपरना आणि सायकलींच्या हँडलना क्रोमचा मुलामा चढवायचं काम सुरू केलं. क्रोमच्या हौदात वीज सोडली की पाणी फसफसतं, वर बारीक पिवळट तुषार उडतात. ते नाकात गेले की आतला पडदा हळूहळू कुरतडला जातो आणि दुखतही नाही. म्हणून सरकारचा नियम होता: तुषार ओढून घेणारा पंखा हौदाच्या काठाला लावायचा, रबरी हातमोजे द्यायचे आणि ठरल्या दिवशी डॉक्टरांकडून प्रत्येकाचं नाक तपासून घ्यायचं.

मी सगळं केलं. त्या खर्चापायी दर वाढवला आणि गिऱ्हाइकं एकेक करून समोर धाकट्याकडे गेली. आधी सायकलवाला, मग मोटार गॅरेजवाला, शेवटी नळाच्या तोट्या करणारा, जो चहा माझ्याकडे प्यायचा आणि माल त्याच्याकडे टाकायचा. त्यांचाही धंदाच होता, पण माझा नुसता जळफळाट व्हायचा. लहानपणी मोठा बोंबील नेहमी धाकट्याच्या ताटात पडायचा. आता कायद्यानेही त्याचेच लाड चालवले होते. आईसुद्धा त्याच्याकडेच राहायची.

एका तपासणीच्या दिवशी तो रस्ता ओलांडून आला आणि माझ्या माणसांच्या रांगेत शेवटी उभा राहिला.

“दादा, डाक्तरला माजं बी नाक बघाया सांग. रोज सकाली रगत येतं.”

गावातला वैद्य त्याला उष्णतेचं औषध देत होता. क्रोमने बिघडलेलं नाक ओळखणारे डॉक्टर फक्त माझ्याकडे यायचे. ते आत खिडकीशी बसले होते, मी एक शब्द टाकला असता तर पुरे होता.

“तुजं नाव पटावर नाय,” मी म्हणालो. “तुला कायदा नाय ना? मंग डाक्तर पन नाय.”

मुद्दाम मोठ्याने बोललो, बाराजणांना ऐकू जाईल असं. तो हसला आणि परत गेला. त्या दुपारी मला जेवण गोड लागलं, हे कशाला लपवू?

वर्षभराने अशाच तपासणीच्या दिवशी आईनेच त्याला हाताला धरून माझ्याकडे आणलं. चुलीवरचा भात करपून काळा झाला तरी हा शेजारी बसून राहिला होता. त्याला वासच येत नव्हता. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं.

“पडद्याला आरपार भोक आहे. पहिल्यांदा रक्त आलं तेव्हाच यायला हवं होतं. तेव्हा थांबवता आलं असतं.”

“मंग आला का नाय रं?” आईने विचारलं.

मी हातातला हजेरीपट चाळू लागलो. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“कामातून सवड कुटं मिलाली, आये.”

आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. माझी लाज त्याने झाकली होती, आणि मी मात्र आईच्या त्या हाताकडे बघून जळत होतो.