डॉक्टरांना विचारलंय मी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही हा विषय टाळते — देवापुढेसुद्धा टाळता येतं, माहितीये?

जोगेश्वरीला आमचं चाऱ्याचं दुकान आहे. भुसा, पेंड, चुणी. गिऱ्हाईक बहुतेक म्हशीवाले. सुमन तेवढी घोडीवाली. तिचा नवरा दत्ताराम वरातीला घोडी द्यायचा — पांढरीशुभ्र, नाव गुलछडी. तिचं खाणंपिणं, खरारा, सगळं सुमन बघायची. सुमन माझी मैत्रीण, मालवणकडची. मैत्रीण हा शब्द मी अजून वापरते.

त्या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर घोडी उतरली. बरगड्या दिसायला लागल्या. सुमन मोबाईलवर व्हिडिओ बघायची — एक म्हणे हरभरा द्या, दुसरा म्हणे हरभऱ्याने पोट धरतं. शेवटी वैतागून दुकानात आली. "माका कायच कळना नाय गो. तू सांगशीत ता करतंय."

म्हशींसाठी नवीन गोळी पेंड आली होती. म्हशी कशा चकाकायला लागल्या होत्या! मी म्हटलं, हीच घाल.

"घोडयेक चलात?"

"चालते. डॉक्टरांना विचारलंय मी."

विचारलं नव्हतं. नंबर फोनमध्ये होता — किती वेळ लागला असता? पण 'मला माहीत नाही' हे म्हणायचं जिवावर आलं. लोक मला विचारायला येतात, हे मला फार आवडायचं.

पण एवढंच असतं तर कदाचित कधीतरी बोलले असते. एवढंच नाहीये.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन. घोडी खात नाही, घामाने निथळतेय, मागचे पाय लटपटतायत. मी फोन ठेवला आणि दुकानातलं एक पोतं उलटं केलं. मागे, शिलाईजवळ, बारीक अक्षरांत — घोड्यांना देऊ नये, जिवाला धोका.

मी रिक्षा करून तडक तिच्याकडे गेले. तिला सांगायला? नाही. "अगं, तो माल जुना निघाला, बदलून देते" म्हणाले आणि उरलेलं पोतं उचलून रिक्षात टाकलं. गव्हाणीतले दाणेही हाताने गोळा केले. घोडी मान खाली घालून उभी होती, माझ्या खांद्यावर तिचा श्वास येत होता. सुमन म्हणाली, "किती करतस गो माझ्यासाठी."

दुपारी डॉक्टर आले. तेच, ज्यांना मी विचारलं नव्हतं. सुमनला वाटत होतं, पेंडीचं त्यांना ठाऊकच आहे. ती रडत होती, म्हणून त्यांनी मला विचारलं — नवीन काय खाल्लं हिने? आणि मी म्हटलं, "नेहमीचंच. फक्त गूळ-पोळ्या फार घालते ही तिला."

घालायची ती. रोज एक. प्रेमाने.

डॉक्टरांनी पोटाचा उपचार केला. खरं कळलं असतं तर वाचली असती? कदाचित नसतीही. ते 'कदाचित' मी कितीदा चघळलंय! त्यात काही उरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुलछडी गेली. दत्ताराम सगळ्यांदेखत बायकोला म्हणाला, "तुझ्या पोळ्यांनी मारलंन तिका."

 सुमनने माझ्याकडे बघितलं. "खराच काय गो?"

तेव्हा — त्या क्षणी — एक शब्द पुरला असता. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "तुला कुठे माहीत होतं."

समजूत घातली मी तिची. कळतंय का तुम्हाला, मी काय केलं ते?

दत्ताराम आता बोरिवलीला एका सोसायटीत वॉचमन आहे. त्याने दुसरी घोडी घेतली नाही. सुमन रस्त्यातल्या कुत्र्याला बिस्किटसुद्धा टाकत नाही. कुणी विचारलं तर म्हणते, माझो हात वायट.

मागच्या महिन्यात तिच्या लेकीच्या बाळाचं उष्टावण होतं. पाटावर बाळ, चांदीच्या वाटीत खीर, सगळे म्हणाले, आजीने भरवायचं. सुमन मागे सरकली. "माझ्या हातान नको," म्हणाली आणि वाटी माझ्या हातात दिली.

मी घेतली. सगळ्यांसमोर बाळाला पहिला घास मी भरवला.