झाकणाची जाडी

त्या वर्षी द्राक्षं तोडणीला आली तेव्हा मी नारायणगावला घरी आले खरी, पण डोकं पुण्याच्या प्रयोगशाळेतच राहिलं होतं. अंतराळात राहून परत आलेल्या प्लास्टिकच्या शीटवरच्या खुणा मी दोन वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली मोजत होते. फार लांबून आलेली लोखंडाची अणुकेंद्रकं शीटमध्ये घुसली की खूण सोडतात. वाटेत विरळ वायूवर आपटून काही फुटतात, मग त्यांचे हलके तुकडे येतात. अख्ख्यांच्या मानाने तुकडे किती, यावरून किती वाट तुडवली ते कळतं. माझ्याकडे तुकडे भलतेच जास्त निघाले होते. म्हणजे ही केंद्रकं सगळ्यांच्या समजुतीपेक्षा कितीतरी जास्त भटकून येतात. निबंध तयार होता, सोमवारी पाठवायचा. तो छापला की परदेशातली संशोधकाची जागा जवळजवळ पक्की.

घरात बूड टेकेना. शेवटी द्राक्षं पेट्यांत भरायच्या शेडमध्ये अण्णांना, म्हणजे वडिलांना, सगळं सांगून टाकलं. ते कात्रीने घडातले खराब मणी काढत होते.

"म्हंजे गळालेलं मणी बघून रस्ता कसा व्हता ते सांगायचं."

"तसंच."

"मग चुकशील. बाजारात पेट्यांत मणी गळालेलं निघायचं म्हून मी बी लई दिवस डायवरला शिव्या घातल्या. एकदा गाडीसंगं गेलो, तर रस्त्यात काय बी झालं नाय. उतरवताना हमाल पेट्या आपटत व्हते. तुमच्याकडं उतरवताना काय व्हतं?"

शीटवर ॲल्युमिनियमचं झाकण होतं, त्यातही काही केंद्रकं फुटतात, पण तेवढी मी वजा केली आहेत, असं मी ठसक्यात सांगितलं.

"झाकान किती जाड?"

मी आकडा सांगितला.

"तू मोजलं?"

मी तो ड्रॉइंगवरून घेतला होता. मला त्यांचा इतका राग आला की जेवलेही नाही.

सकाळची पहिली एसटी पकडून परत गेले. झाकण कपाटावर धूळ खात पडलं होतं. तीनदा मोजलं. वर जाण्याआधी कुणीतरी आतून आणखी एक पत्रा बसवला होता आणि ड्रॉइंग जुनंच राहिलं होतं. हिशेब पुन्हा करायला एक दुपार पुरली. माझे जास्तीचे तुकडे सगळे झाकणातच फुटून निघालेले. केंद्रकं नेहमीच्या वाटेनेच आली होती.

एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. निबंध पाठवत नाही, म्हटलं. अण्णांनी झाकणाचं सगळं विचारून घेतलं. मीटर पळत होता.

"मी इचारायला नको व्हतं," ते म्हणाले.

"आज ना उद्या कुणाला तरी कळलंच असतं, अण्णा."

"कळलं असतं. पर तवर तू तिकडं पोचली असतीस गं पोरी."

दिवसभर त्यांच्यावरचा राग मी जपून ठेवला होता. तोही गेला.