आवाज आपला, शब्द त्यांचा

नानांनी माईक हातात घेतला की आधी त्याची जाळी रुमालाने पुसायची, मग एक टिचकी मारायची आणि विचारायचं, "मागं ऐकू येतंय का?" प्रचाराच्या रिक्षात मागे मी असायचो आणि एक बॅटरी. मी "येतंय" म्हणायचो. तेवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं आणि रिक्षा निघायची.

विट्यात माझं स्पीकर भाड्याने देण्याचं दुकान आहे. निवडणूक आली की रिक्षा, भोंगे आणि नाना असं एकत्रच भाड्याने जायचं. असा एक आवाज तुमच्याही गावात असेल. माणूस समोरून गेला तर ओळखणार नाही, पण "बंधू-भगिनींनो" म्हटलं की मान आपोआप वळते. आमच्याकडे त्यांना हॅलोनानाच म्हणत.

सकाळी एका पक्षाचं, दुपारनंतर दुसऱ्याचं, असंही ते करत. कुणी चहाच्या टपरीवर डिवचलंच, "नाना, तुमी नक्की कुणाचं?" तर म्हणायचे, "मी माईकचा. आवाज आपला, शब्द त्यांचा." आणि बशीतला चहा फुर्रकन ओढायचे. विषय संपला.

पुढे पक्ष फुटायला लागले तशी नानांची पंचाईत झाली. आमच्या भागातले एक साहेब वर्षानुवर्षं छत्री या चिन्हावर उभे राहायचे. एका निवडणुकीत त्यांनी छत्री सोडून कपबशी धरली. नानांनी मात्र सवयीने अख्खी बाजारपेठ "छत्रीसमोरचं बटण दाबा" म्हणून दणाणून सोडली. कार्यकर्ते मोटारसायकलवरून धावत आले. "आवं नाना, छत्री सोडली आपण!" नाना शांतपणे म्हणाले, "तुमी सोडली असंल गड्या. जिभेनं अजून न्हाई सोडली." रिक्षावाल्यासकट सगळे हसले. मीही हसलो. आता त्या आठवणीवर हसू येत नाही. कोण कुणाबरोबर आहे हे सकाळचा पेपर बघून ठरवायचं, आणि संध्याकाळपर्यंत तेही बदललेलं. पूर्वी या गोष्टींवर टपरीवर हमरीतुमरी व्हायची. हल्ली लोक मोबाईलवर बातमी बघतात, अंगठ्याने वर सारतात आणि चहा मागवतात. चिडायचाही कंटाळा आलाय माणसांना.

पण मला सांगायचंय ते त्या म्हातारीचं.

आटपाडीच्या बाजूला, शेवटच्या टोकाच्या एका वाडीत आम्ही प्रचाराला गेलो होतो. याच साहेबांचा प्रचार. पाण्याचं आश्वासन ते पहिल्या निवडणुकीपासून देत आले होते. खोटं का बोला, काही गावांना पाणी आलंही. ऊस उभा राहिला, बंगले झाले. या वाडीपर्यंत मात्र ते पोचलं नव्हतं. नाना रंगात येऊन पुकारत होते, "साहेबांचा शब्द आहे, पाणी आणणार म्हणजे आणणारच!" एवढ्यात मेंढरं घेऊन निघालेली एक म्हातारी रिक्षाला आडवी आली. काठी टेकून तिने नानांकडे निरखून पाहिलं.

"तूच व्हय रं त्यो?"

"कोण, मावशी?"

"पाणी आणणारा. माझा मालक असताना आला हुतास. म्हणला हुतास, पाणी आलंच म्हणून. त्यो वाट बघून गेला की रं."

नानांनी नेहमीचं उत्तर काढलं. "मावशी, आवाज तेवढा माझा. शब्द साहेबांचा."

म्हातारी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "साहेब कुठं बगितलाय आमी? कानात तर तूच हाईस." आणि मेंढरांना हाकारत निघून गेली.

परत येताना घाट उतरल्यावर नाना माईकची वायर गुंडाळत म्हणाले, "हितनं फुडं नाव, चिन्ह आन् मतदानाची तारीख. बाकीचं ज्याचं त्यानं बोलावं."

आणि ते खरंच तसं वागले. हातात दिलेला कागद ते पुरता वाचायचे आणि आश्वासनाच्या ओळी गाळून पुकारायचे. उमेदवारांना हे कसं परवडावं? एकाने मला सुनावलं, "नुसतं नाव सांगायला माणूस कशाला, भोंगा बास हाय." हळूहळू नाना घरी बसले. मी नानांच्या बायकोपाशी, काकूंपाशी, हळहळलो, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या. आता झोप लागती त्यास्नी." नानांना झोप लागत नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

त्यांचा घसा कधीतरी दगा देईल असं आम्हाला वाटायचं. दगा हृदयाने दिला. गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी, म्हणजे सगळ्याच पक्षांपैकी, दोन-चार माणसं आली आणि फोटो काढून गेली.

यंदा साहेबांचा मुलगा उभा आहे. चिन्ह तिसरंच. परवा मी काकूंकडे सहज गेलो होतो. त्या दारात गवार निवडत बसल्या होत्या. गल्लीच्या तोंडाला रिक्षा वळली आणि आवाज आला, "बंधू-भगिनींनो..." माझी मान आपोआप वळली. आवाज नानांचा होता. जुन्या प्रचाराचं रेकॉर्डिंग कुणीतरी जपून ठेवलं होतं. नाव आणि चिन्ह तेवढं दुसऱ्याच कुणाच्या आवाजात मध्ये जोडलेलं. बाकी सगळे नाना. त्यांचा तो पूर्वीचा, भरलेला आवाज. "साहेबांचा शब्द आहे, पाणी आणणार म्हणजे आणणारच!"

काकूंच्या मांडीवरची गवार खाली सांडली. त्या तशाच उठल्या आणि रिक्षासमोर जाऊन उभ्या राहिल्या. चालकाने करकचून ब्रेक दाबला.

"बंद कर ते."

"काकू, मला सांगितल्यालं वाजवतोय मी."

"त्ये बोलायचं सोडलं हुतं त्यांनी. जित्तेपणी सोडलं हुतं. मेल्यावर त्यांच्या तोंडात घालू नगा."

चालक गोंधळला. हा आवाज कुणाचा, तो माणूस गेलाय, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याने बटण बंद केलं, हात जोडले आणि मुकाट्याने गल्लीतून बाहेर पडला. काकू खाली बसून गवार गोळा करू लागल्या. मीही वाकून मदत करू लागलो.

रिक्षा पुढच्या गल्लीत गेली असावी. चालकाने रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं. आधी टिचकी ऐकू आली, मग नाना.

"मागं ऐकू येतंय का?"

काकूंचा हात थांबला. सवयीने माझ्या तोंडाशी आलेलं "येतंय" मी गिळलं.